दीडशे पानांच्या मुंजीला बर्फ किती मागवावा?

इंदुरातील मुंजी बहुधा चैत्र-वैशाखात होतात, म्हणजे दुपारी पारा 40 अंशांच्या वर चढलेला असतो आणि आलेला प्रत्येक पाहुणा आधी पाणी मागतो. अशा कार्याची यादी करताना आपण पानांचा, पत्रावळींचा, अगदी विड्यांचाही हिशेब नीट मांडतो. बर्फाच्या बाबतीत मात्र ‘माणशी अर्धा किलो’ एवढे म्हणून मोकळे होतो. हा आडाखा अगदीच चुकीचा नाही, परंतु तो कधी बरोबर येतो आणि कधी फसतो हे समजायचे असेल, तर बर्फ माणसांवर न मोजता कामांवर मोजला पाहिजे. कार्यात बर्फाची वाटणी तिघांत होते: पेयात पडणारा, बाटल्या थंड करणारा आणि कोणाच्याही उपयोगी न पडता वितळून जाणारा.

हिशेबाचे मूळ एकाच गोष्टीत आहे. 1 किलो बर्फ वितळताना सुमारे 80 किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो, तर 1 लिटर पाणी 1 अंशाने थंड करण्यासाठी 1 किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. म्हणजेच 1 किलो बर्फाने 4 लिटर पाणी साधारण 20 अंशांनी थंड होते. एवढे लक्षात ठेवले की बाकीचे गणित वहीच्या अर्ध्या पानावर मावते.

दीडशे पाहुण्यांच्या दुपारच्या कार्याचे उदाहरण घेऊ. पन्हे माणशी 200 मिली धरले तर 30 लिटर होते आणि ते 32 अंशांवरून 10 अंशांवर आणायला 6 किलो बर्फ लागतो. येथे एक चूक हमखास होते. पन्हे नेहमीच्या चवीचे करून मग त्यात बर्फ टाकला जातो आणि शेवटच्या पाहुण्याच्या वाट्याला कैरीच्या वासाचे नुसते पाणी येते. त्या 6 किलो बर्फाचे 6 लिटर पाणी होणारच आहे, म्हणून पन्हे घट्ट ठेवून तेवढे पाणी आधीच कमी घालावे. गूळ, मीठ व वेलदोडा मात्र पुऱ्या 30 लिटरच्या मापाने असावा. मठ्ठ्याचा हिशेबही असाच आहे, तेव्हा त्यासाठी आणखी 6 किलो धरावेत. कोकम सरबत पेल्यात बर्फाचे खडे घालून द्यायचे असेल, तर माणशी 150 ग्रॅम पुरतात. सगळेच ते घेत नाहीत आणि वडीलधारी मंडळी बर्फाला आवर्जून नको म्हणतात, म्हणून निम्म्या लोकांपुरते 11 किलो पुरेसे होतात.

आता बाटल्या. पाण्याच्या 200 मिलीच्या 300 बाटल्या म्हणजे 60 लिटर पाणी. ते 35 अंशांवरून 5 अंशांवर आणायचे तर 1800 किलोकॅलरी, म्हणजे जवळजवळ 23 किलो बर्फ खर्ची पडतो. सगळ्या पेयांना मिळून जेवढा बर्फ लागला तेवढाच एकट्या बाटल्या खातात, आणि बचतीला खरा वाव येथेच आहे. त्याच बाटल्या आदल्या रात्री शीतपेटीत ठेवून 10 अंशांवर आणल्या तर 4 किलोत काम भागते. शीतपेटीची सोय नसेल, तर खोकी रात्रभर गच्चीवर ओल्या गोणपाटाखाली ठेवावीत. मालव्याची कोरडी हवा आणि उतरती रात्र माठाप्रमाणेच काम करते. पाणी 27 अंशांवर आले तरी 6 किलो बर्फ वाचतो. बाटल्या नुसत्या बर्फावर रचू नयेत. टबात बर्फ आणि पाणी दोन्ही असावे, कारण पाणी बाटलीला सर्व बाजूंनी भिडते आणि ती लवकर गार होते.

एकूण बेरीज 46 किलो झाली. वितळून जाणाऱ्या बर्फासाठी त्यात निदान तिसरा हिस्सा आणि ऊन कडक असल्यास निम्मा हिस्सा वाढवावा. म्हणजे 61 ते 69 किलो. माणशी अर्धा किलो जवळपास येथेच जुळतो. बाटल्या आधीच गार असतील, तर त्याच दीडशे माणसांना 40 किलो पुरतो.

हा तिसरा हिस्सा किती मोठा होऊ शकतो ते मी रामबागेतील आमच्या घरच्या एका मुंजीत पाहिले. सकाळी आठ वाजता आलेला 40 किलो बर्फ फोडून उघड्या घंगाळांत ओसरीवर ठेवला होता. दुसरी पंगत बसली तेव्हा घंगाळांत गुडघाभर गार पाणी आणि वर तरंगणारे सुपारीएवढे तुकडे उरले होते. बर्फ फोडला की त्याचा पृष्ठभाग वाढतो आणि तो झपाट्याने वितळतो. म्हणून लादी अखंड घ्यावी (येथील बर्फवाले तिला सिल्ली म्हणतात), ती सावलीत विटांवर ठेवावी म्हणजे खालचे पाणी निथळून जाते, भोवती दोन-तीन पदरी गोणपाट गुंडाळावे आणि लागेल तेवढाच तुकडा टोच्याने फोडावा.

लादीचा बर्फ बाटल्यांसाठीच वापरावा. तो पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही. अखाद्य बर्फ ओळखता यावा यासाठी त्याला निळा रंग देण्याचा नियमही आहे. पन्हे, मठ्ठा व सरबत यांत जाणारा 23 किलो बर्फ, वितळण्याची भर धरून 30 किलो, पिशवीबंद खाद्य बर्फच असावा. पैसे थोडे अधिक पडतात, परंतु पंगतीत लहान मुले असतात आणि येथे काटकसर करणे मला मान्य नाही. खाद्य बर्फ न मिळाल्यास पन्ह्याचे पातेले बर्फाच्या पाण्यात बाहेरून बुडवून ठेवावे. त्याला दुपटीइतका बर्फ लागतो आणि दीड-दोन तास मधून मधून ढवळत राहावे लागते.

संध्याकाळच्या स्वागत-समारंभाला वितळण्याची भर चौथाईवर आणता येते. दुपारच्या कार्याला मात्र सगळा बर्फ एकदम मागवू नये. निम्मा पाहुणे येण्याच्या तासभर आधी आणि निम्मा दुसऱ्या पंगतीच्या सुमारास यावा. वजन गाडीवर न करता दारात करून घ्यावे, आणि दुसऱ्या खेपेचा निरोप पहिल्या पंगतीची पाने मांडली जात असतानाच धाडावा.