जांभ्याचं जोतं भुगा होत होतं: दरजा सिमेंटऐवजी चुन्याने भरल्या

लक्षण: कोकणातल्या जुन्या घराचं जांभ्याचं जोतं. दरजा (दगडांमधले सांधे) शाबूत, पण त्यांच्या कडेचा दगड पोपडे धरून गळतो आणि पावसाळ्यानंतर पांढरा लोणा (क्षारांचा थर) फुटतो.

आधी १:४ सिमेंटने (१ भाग सिमेंट, ४ भाग वाळू) दोनदा दरजा भरल्या, मग वॉटरप्रूफ रंग दिला. दोन वर्षं आणि पैसे वाया गेले. जमिनीतली ओल घट्ट सिमेंटमधून सुकत नाही, ती दगडातून बाहेर पडते. क्षार तिथेच साचतात आणि जांभा फोडतात. दरजेचा माल दगडापेक्षा मऊच हवा.

कळीचा चुना (भाजलेल्या चुनखडीचे न विरवलेले खडे) पाण्यात विरवून (उकळतो, चष्मा घालाच) किमान महिनाभर पाण्याखाली ठेवला, मग चाळला. प्रमाण: १ भाग चुन्याची लगदी, १ भाग सुरखी (भाजलेल्या विटांची पूड), २ भाग धुतलेली नदीची वाळू. खाडीची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. सुरखीशिवाय नुसता चुना ओलसर जोत्यात फार हळू धरतो.

सिमेंट छिन्नी-हातोडीने काढलं. ग्राइंडर दगडाच्या कडा खातो. दरज रुंदीच्या दुप्पट, निदान २५ मिमी खोल केली. धूळ झाडून आदल्या संध्याकाळी आणि भरण्याआधी पाणी मारलं. माल घट्टच कालवून १०-१२ मिमीच्या थरांनी दाबत भरला, कडेपासून २-३ मिमी आत ठेवला. रुंद फटीत जांभ्याच्या चिपा ठोकल्या. दहा दिवस ओली गोणपाटं. हे सगळं डिसेंबरात. उन्हात भरलेला माल तडकतो.