मोनोसाइटवरचा सीडी३६ मोजताना प्लेटलेटची भेसळ कशी टाळायची

रक्तातल्या मोनोसाइटवर (एक प्रकारची पांढरी पेशी) सीडी३६ हा रिसेप्टर, म्हणजे पृष्ठभागावरून बाहेरचे पदार्थ धरणारं प्रथिन, किती आहे हे फ्लो सायटोमीटरवर (रंगवलेल्या पेशी एकेक करून लेझरने मोजणारं यंत्र) मोजणं तसं अर्ध्या दिवसाचं काम. पण आलेला आकडा मोनोसाइटचा की त्याला चिकटलेल्या प्लेटलेटचा, हे न पाहता अहवाल लिहिला तर सगळी मेहनत पाण्यात. प्लेटलेटच्या पृष्ठभागावरही हाच रिसेप्टर भरपूर असतो. मे महिन्याच्या उन्हात बीड-परभणीकडून नमुने यायला लागले की ही भेसळ आणखी वाढू शकते, म्हणून खालची पद्धत तोच हिशेब धरून दिली आहे.

मोजायचं कशासाठी, ते आधी. सीडी३६ हा ‘ब’ वर्गातला स्कॅव्हेंजर रिसेप्टर. ऑक्सिडाइज झालेलं एलडीएल, मेलेल्या पेशी, लांब साखळीची फॅटी अ‍ॅसिडं, काही जिवाणूंची लिपोप्रोटीनं असं बरंच काही तो धरतो. जिवाणूंच्या बाबतीत टीएलआर२ला (जिवाणू ओळखणारा दुसरा रिसेप्टर) तो मदत करतो. फॅल्सिपॅरम मलेरियाने ग्रासलेल्या तांबड्या पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटतात, त्यातही सीडी३६चा हात असतो. धमनीकाठिण्यात मात्र तो अंगावर उलटतो. साध्या एलडीएलचा रिसेप्टर पेशीत कोलेस्टेरॉल साठलं की कमी होतो. सीडी३६चं उलटं आहे: ऑक्सिडाइज एलडीएल आत गेलं की पीपीएआर-गॅमा (जनुकं चालू करणारं पेशीतलं प्रथिन) जागा होतो आणि पृष्ठभागावर सीडी३६ आणखी येतो. पेशी खातच राहते आणि चरबीने भरलेली फेसाळ पेशी बनते.

रक्त ईडीटीए ट्यूबमध्येच घ्या, हेपॅरिनमध्ये नको (दोन्ही रक्त गोठू न देणारी द्रव्यं). प्लेटलेट मोनोसाइटला पी-सिलेक्टिन या चिकटण्याच्या प्रथिनाने चिकटते आणि त्या पकडीला कॅल्शियम लागतं. ईडीटीए ते काढून घेतं. दंडाचा पट्टा एका मिनिटाच्या आत सोडा, सुई २१ गेजची वापरा, पहिले २ मिली वेगळ्या ट्यूबमध्ये जाऊ द्या. ट्यूब ८-१० वेळा हळू उलटसुलट करा. जोरात हलवली की प्लेटलेट चेतल्याच (सक्रिय होऊन चिकट झाल्याच) म्हणून समजा.

नमुना २० ते २५ अंशांत ठेवायचा आणि ४ तासांच्या आत रंगवायचा, म्हणजे रंग जोडलेल्या अँटीबॉडी घालायच्या. इथेच बरेच जण फसतात. बाहेर ४२ अंश आहे म्हणून ट्यूब थेट बर्फात ठेवतात, आणि थंडीनेही प्लेटलेट चेततात. थर्मोकोलच्या डब्यात जेल पॅक फ्रीजरमधला नाही, फ्रीजच्या खालच्या कप्प्यातला घ्या, वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळा, ट्यूब त्याला टेकू देऊ नका. डब्यात कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर ठेवा आणि पोचल्यावर दोन्ही आकडे वहीत लिहा. बीडहून संभाजीनगरला हे वेळेत जमतं. धाराशिव किंवा किनवटहून नमुना मागवण्यापेक्षा रुग्णालाच बोलवावं.

अँटीबॉडी चार पुरतात, प्रत्येकीला वेगळा चमकणारा रंग: सीडी३६ एफआयटीसीमध्ये, सीडी१४ (मोनोसाइटची खूण) पीईमध्ये, सीडी४५ (पांढऱ्या पेशींची खूण) पेरसीपीमध्ये आणि सीडी४२बी (प्लेटलेटची खूण) एपीसीमध्ये. सीडी३६ आणि प्लेटलेटची खूण हे दोन रंग मुद्दाम लांबचे निवडले आहेत. सीडी४२बी पीईमध्ये घातला तर एफआयटीसीचा उजेड तिकडे सांडतो, आणि कॉम्पेन्सेशन (सांडलेला उजेड वजा करणं) जरा चुकलं की प्लेटलेट नसलेली पेशीही प्लेटलेटवाली दिसते. प्लेटलेटसाठी सीडी४१ही चालतो, पण सीडी४१-सीडी६१ची जोडी ईडीटीएमध्ये ३७ अंशांच्या आसपास सुटते आणि जोडीलाच ओळखणारी अँटीबॉडी मग बसत नाही. तापलेल्या नमुन्यात प्लेटलेट असूनही दिसणार नाहीत. सीडी४२बीलाही खोट आहेच: प्लेटलेट फार चेतली की तो गळून पडतो. तरी आपल्याकडच्या हवामानात तोच बरा.

१०० मायक्रोलिटर रक्त ट्यूबच्या तळाशी सोडा. भिंतीला थेंब राहिला तर कापसाने पुसा, नाहीतर न रंगलेल्या पेशी मोजणीत येतात. एफसी ब्लॉकर घालून १० मिनिटं थांबा, कारण मोनोसाइट अँटीबॉडीचं शेपूट धरणाऱ्या एफसी रिसेप्टरने कुठलीही अँटीबॉडी धरतो. मग चारही अँटीबॉडी, अंधारात २० मिनिटं. दुसऱ्या ट्यूबमध्ये सीडी३६ सोडून बाकीच्या तीन घाला; निगेटिव्हची रेघ याच ट्यूबवरून ठरवायची.

तांबड्या पेशी फोडायचं द्रावण घरीच करता येतं: एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात अमोनियम क्लोराइड ८.२६ ग्रॅम, पोटॅशियम बायकार्बोनेट १ ग्रॅम, डायसोडियम ईडीटीए ३७ मिलिग्रॅम, पीएच ७.२ ते ७.४. बोअरचं पाणी नको, आरओचंही नको. प्रत्येक ट्यूबमध्ये २ मिली घालून १० मिनिटं. खोली तापलेली असेल तर सातव्या मिनिटाला ट्यूब उजेडाकडे धरून पाहा. गढूळपणा जाऊन आरपार दिसलं की थांबा, जास्त ठेवलं तर मोनोसाइटही मरतात. ३०० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट) ५ मिनिटं सेंट्रीफ्यूज करा. जुन्या यंत्रावर फक्त आरपीएम असतं. त्रिज्या १६ सेंमी असेल तर ३०० जी म्हणजे साधारण १,३०० आरपीएम. पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं खारं बफर) १ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) आणि २ मिलिमोलर ईडीटीए घालून एकदा धुवा, ४०० मायक्रोलिटरमध्ये घ्या, तासाभरात मशीनवर चालवा. वीज जाऊन आली असेल तर लेझरला पुन्हा अर्धा तास द्या.

निदान ५,००० मोनोसाइट गोळा करा. सीडी४५ आणि सीडी१४वरून मोनोसाइट निवडा, मग सीडी४२बीवर दोन भाग पाडा. एफएससीच्या (पेशीने पुढे विखुरलेला उजेड) क्षेत्र-उंचीवरून चिकटलेल्या पेशींच्या जोड्या काढल्या म्हणजे प्लेटलेटही गेल्या असं धरू नका. २-३ मायक्रॉनची प्लेटलेट त्या चाळणीतून सहज निसटते. अहवालात सीडी४२बी-निगेटिव्ह मोनोसाइटवरच्या सीडी३६चा मध्यक द्या आणि शेजारी चिकटलेल्यांचं प्रमाणही लिहा. निम्म्याहून जास्त मोनोसाइट प्लेटलेटवाले असतील तर नमुना टाकून द्या आणि रक्त पुन्हा घ्या. अशा नमुन्यावर गणित करत बसण्यात अर्थ नाही. त्याच ट्यूबमधले लिम्फोसाइट जवळपास निगेटिव्ह दिसायला हवेत. तेही सरकलेले दिसले तर आधी कॉम्पेन्सेशन आणि धुण्याकडे पाहा. वेगवेगळ्या दिवसांचे आकडे जुळवायचे असतील तर कॅलिब्रेशन मणी (ठरलेल्या उजेडाचे सूक्ष्म मणी) दर वेळी चालवायलाच हवेत.

आकडा वाढलेला दिसला तर लगेच हृदयविकाराकडे बोट दाखवू नका. रक्तातली साखर जास्त असली तरी मॅक्रोफेजवरचा (मोनोसाइटपासून बनणारी पेशी) सीडी३६ वाढतो. पायोग्लिटाझोन हे मधुमेहाचं औषध तर पीपीएआर-गॅमालाच जागं करतं, आणि मधुमेहाच्या कितीतरी रुग्णांच्या चिठ्ठीत ते असतं. म्हणून फॉर्मवर औषधांचा रकाना रिकामा सोडू नका.

आकडा शून्याजवळ आला तर प्लेटलेट वेगळ्या तपासा: ५ मायक्रोलिटर रक्त, ४५ मायक्रोलिटर बफर, सीडी३६ आणि सीडी४२बी, न फोडता, न धुता, २० मिनिटांनी ५०० मायक्रोलिटर करून एफएससी-एसएससी (पुढे आणि बाजूला विखुरलेला उजेड) लॉग मोजपट्टीवर चालवा. काहींच्या फक्त प्लेटलेटवर सीडी३६ नसतो, मोनोसाइटवर असतो. काही थोड्यांच्या दोन्हींवर नसतो. अशा माणसाला आधीच्या रक्तसंक्रमणातून किंवा गरोदरपणातून सीडी३६विरुद्ध अँटीबॉडी तयार होऊ शकते. मग दिलेल्या प्लेटलेट टिकत नाहीत, आणि नवजात बाळाच्याही प्लेटलेट कमी होऊ शकतात. दुसऱ्या क्लोनच्या (वेगळ्या पेशीवंशातून बनलेल्या) सीडी३६ अँटीबॉडीने खात्री करा आणि त्याच दिवशी ब्लड बँकेला कळवा. रुग्णात सीडी३६विरुद्ध अँटीबॉडी निघाली तर सीडी३६ नसलेला दाता शोधावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो.