नाव शेवटी येऊ द्या: सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागणाऱ्यांसाठी

माझ्या शिकवण्याच्या सुरुवातीच्या वर्षांतला एक विद्यार्थी मला नीट आठवतो. हत्तीरोगाच्या जंताचं जीवनचक्र त्याने परीक्षेत इतकं सुंदर काढलं होतं की मी ती आकृती पुढच्या तुकडीला दाखवायला जपून ठेवली. दीड वर्षाने तोच मुलगा वॉर्डातून एक रिपोर्ट घेऊन आला. "मॅडम, पेशंटला ताप आहे, जांघेत गाठी आहेत, इओसिनोफिल वाढलेत. फायलेरियाच वाटतो, पण स्मिअर निगेटिव्ह आला." (फायलेरिया म्हणजे हत्तीरोगच, आणि स्मिअर म्हणजे काचेवर पसरून तपासलेला नमुना.)

मी विचारलं, "रक्त किती वाजता घेतलंस?"

"सकाळी अकराला, राउंड संपल्यावर."

या जंताची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, बहुतेक भागांत दिवसा फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि रात्री बाहेरच्या रक्तात येतात. रक्त घ्यायची वेळ साधारण रात्री 10 ते 2. हे त्याला माहीत होतं. 'नॉक्टर्नल पिरिऑडिसिटी' म्हणजे काय, असं विचारलं असतं तर त्याने व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली असती. पण त्या व्याख्येत रक्त कधी घ्यायचं याची सूचना दडलेली आहे, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं, कारण मी ती त्याला तशी दिलीच नव्हती. चूक माझी होती, आणि ती बराच काळ मला बोचत राहिली.

तेव्हापासून प्रत्येक तासाची तयारी करताना मी वहीच्या वरच्या ओळीत एकच प्रश्न लिहिते: हा तास ऐकल्यावर विद्यार्थी कोणता निर्णय घेऊ शकेल? नमुना कुठून घ्यायचा, कधी घ्यायचा, कशात पाठवायचा, रिपोर्ट निगेटिव्ह आला तर त्यावर किती विश्वास ठेवायचा. ज्या स्लाइडचा यातल्या कशाशीच संबंध लागत नाही, ती मी काढून टाकते. सुरुवातीला एका तासाला माझ्या साठ-सत्तर स्लाइड असायच्या. आता पंधराच्या वर क्वचितच जातात, आणि तरी वेळ कमी पडतो.

आपल्या विषयाची पुस्तकं जंतूच्या नावापासून सुरू होतात: नाव, आकार, वाढ, विषं, आजार, निदान, उपचार. संदर्भासाठी हा क्रम उत्तम आहे, पण शिकवायला उलटा आहे. डॉक्टरकडे जंतू नाव सांगत येत नाही, रुग्ण येतो. नाव कळतं ते सगळ्यात शेवटी, आणि कधी कधी कळतही नाही. म्हणून मी नमुन्यापासून सुरू करते.

एक उदाहरण देते, कारण ते दरवर्षी चालतं. वर्गात दोन नमुन्यांची गोष्ट सांगायची. रात्रीची वेळ आहे, लॅबमध्ये नमुने पोचायला उशीर होणार आहे. एक आहे पाठीतलं पाणी, म्हणजे सीएसएफ, थोडं गढूळ. दुसरा आहे लघवीचा. फ्रिजमध्ये कोणता ठेवाल? बहुतेक वर्ग म्हणतो, दोन्ही. मग फळ्यावर हिशोब मांडायचा. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय हा आतड्यातला जीवाणू दर 20 मिनिटांना दुप्पट होतो. एकाचे तासाभरात 8, चार तासांत 4096. लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, आपण जंतू मोजतो, त्यामुळे नमुना बाहेर राहिला तर तो आकडाच खोटा ठरतो. दोन तासांत लॅबला पोचणार नसेल तर लघवी फ्रिजमध्येच हवी. सीएसएफचं नेमकं उलट. मेंदूज्वराचा जंतू मेनिंगोकॉकस थंडीत मरतो. मोजण्याचा प्रश्नच नाही, एक जरी जिवंत मिळाला तरी निदान होतं, म्हणून जीवाणूंच्या कल्चरसाठी ते पाणी फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. या एका प्रश्नात जंतूंची वाढ, त्यांचा नाजूकपणा आणि मोजणीचा अर्थ, तिन्ही येतात. मुलं ते विसरत नाहीत, कारण वर्गात हात वर करून चुकलेली असतात.

प्रॅक्टिकलबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण नवे शिक्षक तिथे सगळ्यात कमी लक्ष देतात. ग्राम स्टेनची, म्हणजे जीवाणू रंगवून पाहायची, पद्धत हान्स क्रिश्चन ग्राम यांनी 1884 मध्ये मांडली. तेवढ्या एका रंगाने जीवाणूंचे दोन मोठे गट वेगळे दिसू लागतात आणि डॉक्टरला पहिल्या तासाभरात दिशा मिळते. पण विद्यार्थ्यांच्या हाती ती नेहमी एकाच पायरीवर फसते: रंग उतरवताना. अल्कोहोल दोन-चार सेकंद जास्त राहिलं की जांभळे जंतूही लाल दिसतात. पूर्वी मी प्रत्येकाच्या सूक्ष्मदर्शकात डोकावून 'बरोबर', 'चूक' सांगत फिरायचे. आता त्यांना स्टॅफिलोकॉकस आणि ई. कोलाय यांचं मिश्रण एकाच स्लाइडवर देते. जांभळे गोल (स्टॅफिलोकॉकस) आणि लाल काड्या (ई. कोलाय) दिसल्या तर स्टेन जमला. दोन्ही लाल, तर रंग जास्त उतरला. दोन्ही जांभळे, तर उतरलाच नाही, नाहीतर स्मिअर जाड झाला. निवाडा स्लाइडच करते. फसलेली स्लाइड फेकू देऊ नका. शेजारच्याला दाखवायला लावा आणि काय चुकलं असेल ते त्यालाच ओळखू द्या. कल्चर मात्र ताजं वापरा. जुन्या कल्चरमधले ग्राम पॉझिटिव्ह, म्हणजे जांभळे दिसायला हवेत ते, जंतू रंग धरून ठेवत नाहीत आणि मग मुलांचा हात बरोबर असूनही उत्तर चुकतं.

क्षयाच्या थुंकीची स्लाइड शिकवताना मी एक आकडा सांगितल्याशिवाय राहत नाही: झील-नील्सन स्टेनवर जंतू दिसायला एक मिलिलिटर थुंकीत साधारण 5,000 ते 10,000 जंतू असावे लागतात. म्हणजे निगेटिव्ह स्मिअर 'क्षय नाही' असं म्हणतच नाही. 'निगेटिव्ह' या शब्दाने जितकी दिशाभूल होते तितकी आमच्या रिपोर्टमधल्या दुसऱ्या कुठल्याच शब्दाने होत नसेल.

परजीवींच्या तासाला विद्यार्थी धास्तावतात ते जीवनचक्रांमुळे. छापील तयार आकृती पडद्यावर दाखवू नका. ती बघून समजल्यासारखं वाटतं आणि दाराबाहेर पडेपर्यंत विरून जातं. मी फळ्यावर फक्त माणसाची बाह्यरेषा काढते आणि तीन प्रश्न विचारते: आत कसा शिरला, कुठे बसला, बाहेर कुठून पडतोय? बाण मुलांनी काढायचे. टीनिया सोलियम हा पट्टकृमी यासाठी फार उपयोगी. नीट न शिजलेल्या डुकराच्या मांसातली अळी पोटात गेली तर आतड्यात मोठा कृमी वाढतो. त्याच कृमीची अंडी पोटात गेली तर अळ्या शरीरभर पसरतात, मेंदूतही जातात आणि झटके येतात. मग विचारायचं: जन्मात मांस न खाल्लेल्या माणसाच्या मेंदूत या गाठी सापडू शकतात का? वर्ग दोन मिनिटं गप्प बसतो. बसू द्या. त्या शांततेत उत्तर द्यायची घाई नव्या शिक्षकाला फार होते, मलाही व्हायची. कुणीतरी हळूच म्हणतं, "अंडी तर दुसऱ्या माणसाच्या विष्ठेतून येतात... म्हणजे हो." असं स्वतः शोधलेलं उत्तर पुन्हा पाठ करावं लागत नाही.

मलेरियाच्या तासाला मी इतिहास मुद्दाम सांगते. लाव्हेरान यांनी 1880 मध्ये रुग्णाच्या रक्तात परजीवी पाहिला. रोनाल्ड रॉस यांना तो डासाच्या पोटाच्या भिंतीत सापडला 20 ऑगस्ट 1897 रोजी. आणि डास चावल्यानंतर रक्तात दिसेपर्यंत तो यकृतात असतो, हे शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी दाखवलं 1948 मध्ये. आपण पाच मिनिटांत काढतो ते वर्तुळ जुळायला 68 वर्षं लागली. हे ऐकलं की यकृतातला टप्पा मुलांना फालतू तपशील वाटत नाही. व्हायव्हॅक्स या मलेरियाच्या प्रकाराचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात, म्हणून रक्तातला मलेरिया बरा करूनही ताप परत येतो, म्हणून यकृतातल्या परजीवींवरचं प्रायमाक्वीन हे औषध द्यावं लागतं आणि ते देण्याआधी लाल पेशींतलं जी6पीडी हे एन्झाइम तपासावं लागतं. साखळीतली प्रत्येक कडी पुढच्या निर्णयाकडे नेते.

रोगप्रतिकारशास्त्र सगळ्यात अवघड, हे मान्य करूनच सुरुवात करावी. पेशींची नावं, रेणूंची आद्याक्षरं, सगळं एकदम अंगावर येतं. मी ते उणिवेपासून शिकवते. 1952 मध्ये ब्रूटन यांनी आठ वर्षांच्या एका मुलाचं वर्णन केलं. त्याला न्यूमोकॉकस या जीवाणूचे संसर्ग पुन्हा पुन्हा होत होते आणि त्याच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिनच, म्हणजे प्रतिपिंडांचा भागच, नव्हता. बाहेरून दिल्यावर संसर्ग आटोक्यात आले. एवढं सांगून थांबायचं आणि विचारायचं: या मुलाला कोणते जंतू त्रास देतील, आणि कोणते फारसे देणार नाहीत? त्याच्या शेजारी थायमस ही छातीतली ग्रंथी नसलेलं बाळ उभं करायचं, ज्याला विषाणू आणि बुरशी छळतात. या दोन मुलांमधल्या फरकातून प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी आणि थायमसमध्ये घडणाऱ्या टी पेशी आपोआप वेगळ्या होतात. जिवंत लस कुणाला द्यायची नाही, तेही तिथेच कळतं.

हिपॅटायटिस बीचे रिपोर्ट तर मी कार्डांवर लिहून वाटते. फक्त अँटी-एचबीएस (विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रतिजनाविरुद्धचं प्रतिपिंड) पॉझिटिव्ह: लस घेतलेला माणूस. त्याच्या जोडीला अँटी-एचबीसी (विषाणूच्या गाभ्याविरुद्धचं प्रतिपिंड) असेल तर आजार होऊन गेलेला. आणि पृष्ठभागावरचा प्रतिजन (विषाणूचा ओळखता येणारा अंश) नाहीसा झालाय, अँटी-एचबीएस अजून उगवलेलं नाही, अशा मधल्या काळात फक्त अँटी-एचबीसी आयजीएमच (नव्या संसर्गात आधी येणारा प्रतिपिंडाचा प्रकार) सापडतं. हे कार्ड ज्या गटाकडे जातं त्या गटात सगळ्यात जास्त वाद होतात, आणि त्या वादांत मी पडत नाही.

नावं बदलत राहतात, त्यासाठी तयार राहा. जुलाब घडवणारा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल आता क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल झालाय. वॉर्डात जुनंच नाव ऐकू येतं, म्हणून दोन्ही सांगा. एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर उद्या सांगते म्हणा आणि उद्या खरंच सांगा.

हत्तीरोगाचा प्रश्न मी आता असा विचारते: ताप आणि जांघेतल्या गाठी असलेला रुग्ण सकाळी नऊला तुमच्यासमोर बसलाय, तुम्ही काय काय कराल आणि कधी? रुग्ण कुठून आलाय हे विचारणारा गुण मिळवतो, कारण पॅसिफिकमधल्या काही बेटांवर हाच जंत दिवसाही रक्तात सापडतो. वेळेची अट नसलेली प्रतिजन चाचणी सुचवणाराही मिळवतो. काही जण अजूनही अख्खं जीवनचक्र काढून देतात. त्यांना मी पेपर तपासून झाल्यावर बोलावते, आकृती बाजूला ठेवते आणि विचारते, रक्त किती वाजता घेशील?