पाकिस्तानची बातमी कशी वाचावी : इंदुरातल्या चर्चामंडळांसाठी एक पद्धत

रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर इथल्या मराठी मंडळींच्या बैठकीत पाकिस्तानचा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या वाटेने जाते. एक म्हणतो, सगळं लष्कर करतं. दुसरा अमेरिकेचं नाव घेतो, तिसरा चीनचं. प्रत्येकाकडे एखादा खरा दाखला असतो, तरी दोन तासांनी हाती काही लागत नाही, कारण तीन निराळे प्रश्न एकाच उत्तरात कोंबलेले असतात. कृत्य कोणी केलं? त्यातून सत्ता कोणाची वाढली? बाहेरून पैसा किंवा पाठबळ कोणी दिलं? या तिन्हींची उत्तरं पुष्कळदा तीन वेगळ्या ठिकाणी सापडतात. ती वेगळी ठेवण्याची ही पद्धत आहे.

आधी सामान

आठ ते बारा माणसं, पंधरवड्याला दोन तास, भिंतीवर लावता येईल असा पाकिस्तान-अफगाणिस्तानचा नकाशा आणि एक लांब वही, एवढं पुरतं. नकाशा राजकीय घ्या, जिल्ह्यांच्या सीमा दाखवणारा. त्यावर ड्युरंड रेषा, म्हणजे या दोन देशांमधली सीमा, जाड पेन्सिलीने गिरवा. इस्लामाबादला लागून असलेलं रावळपिंडी ठळक करा, कारण लष्कराचं मुख्यालय तिथे आहे. मग पेशावर, बन्नू, डेरा इस्माइल खान, उत्तर व दक्षिण वझिरिस्तान, क्वेट्टा, बोलन, तुर्बत, ग्वादर, आणि पंजाबातली बहावलपूर व मुरीदके ही गावं. तोरखम आणि चमन ही सीमेवरची नाकीही दाखवा. २०१८ पर्यंत वझिरिस्तानसारखे कबायली भाग वेगळ्या कायद्याखाली होते. २५ व्या घटनादुरुस्तीने ते खैबर पख्तूनख्वात विलीन झाले, म्हणून जुना नकाशा असेल तर तेवढी दुरुस्ती करून घ्या.

वहीच्या जोडपानावर सहा रकाने आखा : तारीख, ठिकाण व जिल्हा, काय घडलं, जबाबदारी कोणी घेतली आणि सरकारने कोणावर टाकली, पुढच्या नव्वद दिवसांत झालेला कायदा, नेमणूक किंवा घटनादुरुस्ती, त्याच काळातला परदेशी पैसा, करार किंवा दबाव. चौथ्या रकान्यात दोन ओळी ठेवा. वर संघटनेचा दावा, खाली सरकारचं म्हणणं, आणि या दोन ओळी कधीही एक करू नका. पहिले तीन दिवस सगळी नोंद पेन्सिलीने करा, आकडे स्थिरावले की शाईने.

काम तिघांत वाटा. एकाकडे हिंसाचार, दुसऱ्याकडे लष्कर आणि राज्यघटना, तिसऱ्याकडे पैसा आणि परदेश. एकाच माणसाने तिन्ही पाहिले की तो आपल्या मताला जुळेल तेवढंच टिपतो.

हिंसाचाराचं खातं

सगळ्या सशस्त्र गटांना 'दहशतवादी' या एकाच नावाखाली टाकलं की पुढचं काही उलगडत नाही. निदान पाच गट वेगळे करा. तहरीक-ए-तालिबान पाकिस्तान, म्हणजे टीटीपी, २००७ च्या डिसेंबरात उभी राहिली. तिचा शत्रू पाकिस्तानी राज्य आहे. बलुच फुटीरतावादी, त्यांत बीएलए म्हणजे बलुच लिबरेशन आर्मी मुख्य, धर्माच्या नव्हे तर राष्ट्रीयत्वाच्या नावाने लढतात. लष्कर-ए-तोयबा आणि जैश-ए-मोहम्मद यांचा रोख भारतावर. लष्कर-ए-झंगवीसारखे गट शियांना मारतात. इस्लामिक स्टेटची खोरासान शाखा पाचवी. अफगाण तालिबान यांपैकी कशातच बसत नाही, त्याला वेगळं पान द्या. १५ ऑगस्ट २०२१ ला त्यांनी काबूल घेतल्यावर टीटीपीचे हल्ले वाढले. ज्या अफगाण तालिबानला पाकिस्तानने वर्षानुवर्षं आसरा दिला त्यांच्याच राज्यात टीटीपीला आसरा मिळाला, हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत महाग पडलेला हिशेब आहे.

लष्कराची माहिती शाखा, आयएसपीआर, २०२४ पासून टीटीपीला 'फितना अल खवारिज' म्हणते आणि २०२५ पासून बलुच गटांना 'फितना अल हिंदुस्तान'. वहीत गटाचं स्वतःचं नाव लिहा, सरकारी नाव शेजारी. नाही तर वर्षभराने कोणता हल्ला कोणाचा हे तुम्हालाच कळणार नाही.

मृतांचा आकडा हा सर्वांत जास्त चुकणारा भाग. ११ मार्च २०२५ ला बीएलएने बोलन भागात जाफर एक्सप्रेस रोखली. दुसऱ्या दिवशी लष्कराने कारवाई संपल्याचं आणि ३३ हल्लेखोर मारल्याचं जाहीर केलं. बीएलएने मात्र पुढे २१४ ओलिसांना ठार केल्याचा दावा केला आणि पुरावा दिला नाही. अशा भागांत स्वतंत्र पत्रकार पोचू शकत नाहीत, इंटरनेटही बंद केलं जातं. म्हणून दोन्ही आकडे लिहून पुढे जा. वार्षिक बेरजांची तुलना करताना आधी पाहा की मोजणाऱ्या संस्थेने मारले गेलेले हल्लेखोर बेरजेत धरले आहेत की वगळले आहेत. दोन संस्थांचे आकडे जुळत नाहीत ते बहुतेक याचमुळे.

लष्कराचं खातं

इथे वेळ घ्या. आपल्याकडे अजून रणगाडे रस्त्यावर येण्याची वाट पाहिली जाते. तसं चारदा झालं : १९५८ ला अयूब खान, १९६९ ला याह्या खान, ५ जुलै १९७७ ला झिया उल हक आणि १२ ऑक्टोबर १९९९ ला परवेझ मुशर्रफ. पण त्या चार तारखांच्या शेजारी न्यायालयाच्या चार तारखा लिहिल्या की खरं यंत्र दिसू लागतं. १९५५ च्या तमिझुद्दीन खान खटल्यात गव्हर्नर जनरलने घटना समिती विसर्जित केल्यावरही न्यायालयाने त्याचीच बाजू घेतली. १९५८ चा दोस्सो खटला, १९७७ चा नुसरत भुट्टो खटला आणि २००० चा झफर अली शाह खटला, प्रत्येक वेळी बंडाला कायद्याची मान्यता मिळाली. शेवटच्या निकालात तर मुशर्रफना तीन वर्षं आणि घटना बदलण्याचा अधिकारही दिला गेला.

दुसरं हत्यार होतं कलम ५८(२)(ब). झियांच्या काळात, १९८५ च्या आठव्या दुरुस्तीने ते आलं आणि त्याने राष्ट्राध्यक्षाला संसद बरखास्त करता येऊ लागली. १९८८, १९९०, १९९३ आणि १९९६ अशी चार सरकारं त्याखाली घालवली गेली. १९९७ ला ते निघालं, २००३ ला परत आलं, २०१० च्या अठराव्या दुरुस्तीने पुन्हा गेलं. आजवर एकाही पंतप्रधानाला पाच वर्षांची मुदत पुरी करता आलेली नाही.

तेव्हा या खात्याच्या माणसाने चार गोष्टींवर लक्ष ठेवावं. पहिली, लष्करप्रमुखाची मुदत. कियानी सहा वर्षं राहिले, बाजवा सहा. २०२४ च्या नोव्हेंबरात कायदा बदलून तीन वर्षांची मुदत पाच झाली. नवा प्रमुख २००७, २०१३, २०१६ आणि २०२२ मध्ये नोव्हेंबर महिन्यातच आला, म्हणून सप्टेंबरपासूनच्या अफवा वेगळ्या पानावर टिपा. दुसरी, सैन्यदलांचा ताबा कोणाकडे हे ठरवणाऱ्या कलम २४३ मधले बदल. २०२५ च्या नोव्हेंबरातल्या २७ व्या दुरुस्तीने तिन्ही दलांवर एक प्रमुख बसवला, ते पद लष्करप्रमुखालाच दिलं, फील्ड मार्शल या सर्वोच्च लष्करी हुद्द्याच्या अधिकाऱ्याला आजन्म कायदेशीर संरक्षण दिलं आणि वेगळं घटनात्मक न्यायालय उभं केलं. एकही रणगाडा न हलता झालेला हा बदल जुन्या बंडांपेक्षा कमी वजनाचा नाही. तिसरी, आर्थिक पाया : फौजी फाउंडेशन, आर्मी वेल्फेअर ट्रस्ट, डिफेन्स हाउसिंगच्या वसाहती, आणि २०२३ मध्ये स्थापन झालेली गुंतवणूक परिषद, जिच्या सर्वोच्च समितीत लष्करप्रमुख बसतो. चौथी, जूनमधलं अंदाजपत्रक. संरक्षण खर्चाचा आकडा वाचताना लक्षात ठेवा की निवृत्त सैनिकांचं पेन्शन त्यात धरलेलं नसतं, ते वेगळ्या शीर्षाखाली असतं.

परदेशाचं खातं

घोषणा, मंजुरी आणि प्रत्यक्ष जमा यांच्या तारखा वेगळ्या असतात. नाणेनिधीच्या बाबतीत आधी अधिकाऱ्यांच्या पातळीवर सहमती होते, मग अटी पूर्ण कराव्या लागतात, मग कार्यकारी मंडळ मंजुरी देतं आणि त्यानंतर हप्ता येतो. २०२३ चं उदाहरण गटात एकदा फळ्यावर मांडा. जूनच्या अखेरीस ३ अब्ज डॉलरवर सहमती झाली. १२ जुलैला मंजुरी आली आणि सुमारे १.२ अब्ज लगेच मिळाले. मंजुरीच्या तोंडावर सौदी अरेबियाने २ अब्ज आणि अमिरातीने १ अब्ज डॉलर ठेवले. हे शेवटचे तीन अब्ज मदत नव्हेत, परत करायच्या ठेवी आहेत. दर वर्षी त्यांची मुदत वाढवून घ्यावी लागते आणि दबाव तिथून येतो. २०१५ ला शी जिनपिंग यांच्या भेटीत जाहीर झालेला ४६ अब्ज डॉलरचा चिनी आर्थिक पट्टाही याच नजरेने पाहा. ती करारांची बेरीज होती, तिजोरीत आलेली रक्कम नव्हे. पाकिस्तानची स्टेट बँक परकी गंगाजळीचा आकडा दर आठवड्याला देते, तो न चुकता टिपा.

प्रभाव एकाच दिशेने वाहतो असं धरू नका. १९५४-५५ चे लष्करी करार, १९७९ नंतरचं अफगाण युद्ध, २००१ नंतरची मोहीम, तिन्ही वेळा अमेरिकेला वाट हवी होती आणि रावळपिंडीने तिची किंमत लावली. गरज संपल्यावर प्रेसलर दुरुस्तीखाली, म्हणजे पाकिस्तानच्या अणुकार्यक्रमाशी मदत जोडणाऱ्या अमेरिकी कायद्याखाली, १९९० ला मदत थांबली. २०११ मध्ये एबटाबादला बिन लादेन मारला गेला. त्याच वर्षी अफगाण सीमेजवळच्या सलाला चौकीवर नाटोच्या हल्ल्यात २४ पाकिस्तानी सैनिक मेले आणि पाकिस्तानने नाटोचा रसदमार्ग सात महिने बंद ठेवला. परकी सत्तेला दार उघडणारे हात देशातलेच असतात, आणि ते कोणाचे, हे विचारल्याशिवाय 'अमेरिकेने केलं' हे वाक्य वहीत लिहू नका.

सरावाला दोन प्रकरणं

पहिलं पेशावरचं. १६ डिसेंबर २०१४ ला आर्मी पब्लिक स्कूलवरच्या हल्ल्यात १३० हून अधिक मुलं मारली गेली, जबाबदारी टीटीपीने घेतली. दुसऱ्या दिवशी फाशीवरची स्थगिती उठवण्याचा निर्णय झाला. जानेवारी २०१५ मध्ये २१ व्या दुरुस्तीने नागरिकांवर खटले चालवणारी लष्करी न्यायालयं दोन वर्षांसाठी आली, २०१७ ला त्यांना पुन्हा दोन वर्षं मिळाली. चौथा आणि पाचवा रकाना शेजारी ठेवल्यावर कोणी तरी म्हणतोच, मग हे लष्करानेच घडवलं असेल. तिथे थांबवा. मारली गेलेली मुलं पुष्कळशी सैनिकांचीच होती. एखाद्या घटनेनंतर ज्याची सत्ता वाढली त्यानेच ती घडवली, असा निष्कर्ष वहीतला कोणताही रकाना देत नाही.

दुसरं इम्रान खान यांचं, २०२१-२२. क्रम असा लिहा : ६ ऑक्टोबर २०२१ ला आयएसआयच्या नव्या प्रमुखाचं नाव जाहीर झालं आणि इम्रान यांनी सुमारे तीन आठवडे अधिसूचना अडवली, २४ फेब्रुवारी २०२२ ला ते मॉस्कोत, ७ मार्चला अमेरिकी अधिकारी डोनाल्ड लू आणि पाकिस्तानी राजदूत यांची भेट, ८ मार्चला अविश्वास ठराव दाखल, २७ मार्चला इम्रान यांनी सभेत परकी कटाचा पुरावा म्हणून एक पत्र फडकावलं, ३ एप्रिलला संसदेच्या उपसभापतींनी ठराव फेटाळला, ७ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, १० एप्रिलला १७४ मतांनी सरकार पडलं. भेट आणि ठराव लागोपाठच्या दिवशी आले म्हणून परकी कट सिद्ध होत नाही, आणि अमेरिकेची नाराजी खोटीही ठरत नाही. पण लष्कराशी बिनसल्याची तारीख पाच महिने आधीची आहे, आणि सत्तेतले मित्रपक्ष फुटल्याशिवाय १७४ चा आकडा जमला नसता. बाजवा यांनी निवृत्तीपूर्वी, २०२२ च्या नोव्हेंबरात, लष्कराचा राजकारणातला हस्तक्षेप जाहीर भाषणात मान्य केला, तीही नोंद याच पानावर हवी.

बैठक चालवताना

पहिली तीस मिनिटं फक्त वहीतल्या नव्या नोंदी, मतं नाहीत. मग एकच प्रकरण तासभर. उरलेला वेळ वादाला. इंदुरात आपल्या सगळ्यांचा कान हिंदीवर वाढलेला असल्याने उर्दूतली संसदेतली भाषणं आणि पत्रकार परिषदा थेट समजतात. पाच मिनिटांचा तुकडा मूळ आवाजात ऐका, बातमीतल्या सारांशाशी ताडून पाहा. लिपी येणारा एखादा सभासद असेल तर उर्दू वृत्तपत्राचं पहिलं पान त्याच्याकडून वाचून घ्या.

महू जवळच आहे, आणि तिथे इन्फंट्री स्कूल आणि आर्मी वॉर कॉलेज असल्याने निवृत्त अधिकारी भेटतात. त्यांना 'आता काय होणार' हे विचारू नका. कोअर म्हणजे किती फौज, हुकूम कोणत्या पायऱ्यांनी खाली जातो, डोंगरातली चौकी किती दिवसांची रसद ठेवते, हे विचारा. ते ज्ञान दुसरीकडे मिळत नाही.

भारताशी संघर्ष चालू असतो त्या दिवसांत बैठकच ठेवू नका, नोंदी फक्त पेन्सिलीने करा. २०२५ च्या मे महिन्यात, ८ तारखेच्या रात्री, कराची बंदरावर हल्ला झाल्याचं आपल्याकडच्या काही वाहिन्यांनी सांगितलं. तसं काही झालं नव्हतं. युद्धविराम १० मेला झाला. ती पानं शाईने लिहायला घेण्याआधी दोन आठवडे तरी जाऊ द्या, आणि पाकिस्तानची वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे असते हे ध्यानात ठेवून मध्यरात्रीच्या घटनांची तारीख पुन्हा तपासा.