दुसऱ्याची कामं करून स्वतःच्या गेमची आगोट कशी भरायची

रत्नागिरीत किंवा कुडाळ-मालवणात राहून गेम स्टुडिओ काढायचाय, पैसे लावणारा कोणी नाही, काय करू, असे मेसेज अधूनमधून येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. आम्ही तिघं आहोत, घराच्या माडीवर बसतो आणि गेली चार वर्षं बाहेरची कामं घेऊन त्या पैशावर स्वतःचा गेम करतोय.

आपल्याकडे पाऊस लागायच्या आधी आगोट भरून ठेवतात, तांदूळ, कुळीथ, सुकी मासळी, लाकडं, सगळं मे संपायच्या आत घरात पाहिजे. कॉन्ट्रॅक्टच्या पैशाकडे तसंच बघायला शिका. खात्यात 1 लाख 95 हजार आहेत असं म्हणूच नका, 3 महिने आहेत असं म्हणा. आमचा खर्च महिन्याला 65 हजार, म्हणजे तिघांचे प्रत्येकी 18 आणि बाकी लाईट, नेट, सीए, इन्व्हर्टरची बॅटरी वगैरे. भाडं नाही, जेवण घरचं, पुण्यामुंबईत हा आकडा जमणारच नाही, आणि गावात राहायचा खरा फायदा हाच आहे.

आता रेट. इथेच सगळे फसतात, कारण शेजारी कोण किती घेतो ते बघून आकडा सांगतात. वर्षातले 8 महिने बाहेरचं काम आणि 4 महिने आपला गेम असं धरलं तर 12 महिन्यांचा खर्च 8 महिन्यांत निघाला पाहिजे, म्हणजे महिन्याला साडेसत्त्याण्णव हजार. महिन्यात प्रत्येकाचे खरंच बिल लावता येतील असे दिवस 12 च धरा, बाकीचे फोन, मीटिंग, कोटेशन आणि दुरुस्त्यांत जातात. तिघांचे 36 दिवस, भागाकार केला की 2,700 येतात, त्यावर टॅक्स आणि अडकणाऱ्या पैशासाठी तीस टक्के चढवले की माणशी दिवसाला साधारण 3,500. यापेक्षा कमीत काम घेतलं तर तुम्ही समोरच्याचा गेम आपल्या खिशातून करून देताय, एवढं लक्षात ठेवा. एखादं काम शिकण्यासाठी स्वस्तात घ्यायला हरकत नाही, पण एकच.

कामं कुठली मिळतात? जाहिरातीचे छोटे प्लेएबल गेम, बिल्डरसाठी अनरीलमध्ये (हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर) फ्लॅटचा वॉकथ्रू, म्हणजे स्क्रीनवर फ्लॅटमधून फिरून बघायची सोय, दुसऱ्या स्टुडिओचा गेम मोबाईलवर चालेल असा करून देणं, संस्थांसाठी शाळेच्या मुलांचे गेम. आम्हाला सगळ्यात जास्त काम शेवटच्या प्रकारात मिळालं आणि कारण साधं होतं, मराठी अक्षरं. युनिटी हे पण गेम बनवायचं सॉफ्टवेअर, त्यात अक्षरं दाखवणाऱ्या टेक्स्टमेशप्रोमध्ये 'किल्ला' लिहिलं की वेलांटी क च्या आधी यायची ती नंतर जाऊन बसते आणि ल्ल चा पाय मोडून दोन तुकडे होतात, पोरांना वाचताच येत नाही. गोडो 4 या तसल्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं जुळवायची सोय आतच आहे, तिथे हा त्रास नाही. आम्ही युनिटीसाठी यावर स्वतःचा तोडगा काढला, तो तीन कामांत वापरला, आणि आता आमच्या गेममध्येही तोच आहे. काम निवडताना हेच बघा, यातलं काय आपल्या गेमला उपयोगी पडेल, सेव्ह सिस्टीम, मेनू, काहीतरी शिल्लक राहिलं पाहिजे. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओने 2004 मध्ये तिथल्या मुलांच्या चॅनेलसाठी केटनेटकिक नावाचा गेम करून दिला होता, 2023 चा जगभर गाजलेला बाल्डर्स गेट 3 त्यांचाच, तेव्हा मुलांचे गेम करण्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

एक काम मात्र अजिबात नको, पैसे लावून खेळायचे गेम. 2025 च्या ऑगस्टमध्ये त्याच्यावर बंदीचा कायदा झालाय, कितीही रेट देऊ देत, त्या वाटेला जाऊ नका.

कामातून शिल्लक राहिलेला कोड आणि टूल्स आपलेच राहावेत म्हणून कागद लागतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात हक्क लेखी दिले तरच जातात, आणि त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत असं धरतात. म्हणून क्लायंटला पण करार हवाच असतो, तुम्ही मागितलात म्हणून कोणी रागावत नाही. त्यात एक ओळ आपली घाला: आधीपासून आमच्याकडे असलेला कोड आणि टूल्स आमचीच राहतील, तुम्हाला या गेमपुरती वापरायची परवानगी. ही ओळ नसेल तर तुमचाच तोडगा उद्या तुम्हाला वापरता येणार नाही.

पैशाचं आता माझ्यावर आलेलं सांगतो. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मुंबईच्या एका एजन्सीचं काम होतं, सगळं बोलणं व्हॉट्सॅपवर, व्हॉइस नोटमध्ये. बटण जरा डावीकडे घ्या, आता परत उजवीकडे, असं करत नववा बिल्ड, म्हणजे गेमची चालवून बघायची कॉपी, गेला आणि 70 हजार अडकले ते दिवाळीपर्यंत, कारण काम कधी संपलं म्हणायचं हेच कुठे लिहिलेलं नव्हतं. आमच्या हिशोबात ते 70 हजार म्हणजे एक अख्खा महिना होता. तेव्हापासून 30 टक्के आधी, 40 टक्के पहिला खेळता येणारा बिल्ड दिल्यावर, 30 टक्के शेवटी, आणि शेवटचे जमा झाल्याशिवाय सोर्स कोड द्यायचा नाही. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या फुकट, तिसरीपासून दिवसाचा रेट. आणि काम घ्यायच्या आधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करा, ऑनलाईन होते, फुकट आहे. ती असली की 2006 च्या एमएसएमई कायद्याने समोरच्याला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावेच लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तक्रार घेऊन या कायद्याखालच्या सरकारी कौन्सिलकडे जायची वेळ आमच्यावर अजून आलेली नाही, उद्यमचा नंबर आणि हा 45 दिवसांचा नियम बिलावर छापला तेवढ्यानेच फरक पडला.

जीएसटी 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत सर्व्हिसवाल्यांना लागत नाही, बाहेरदेशचं काम आलं की आधी सीए गाठा, हे इंटरनेटवर वाचून करायचं काम नव्हे.

सगळ्यात अवघड म्हणजे स्वतःच्या गेमला वेळ काढणं. रोज संध्याकाळी दोन तास, शनिवार-रविवार, सगळं करून झालं, होत नाही, डोकं दमलेलं असतं. मग रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराकडे बघून सुचलं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून शाकारतात, मग खलाशी जाळी दुरुस्त करतात, इंजिन खोलतात. आम्ही पण ते दोन महिने बंदी पाळतो, नवीन काम घेत नाही, क्लायंटला मार्चमध्येच सांगून ठेवतो. उरलेले दोन महिने दिवाळीनंतर. पावसात लाईट जाते, फायबर तुटतो, त्यामुळे क्लायंटच्या तारखा त्या दिवसांत तशाही पाळता येत नाहीत, आपला गेम मात्र लॅपटॉपच्या बॅटरीवर पुढे सरकतो. रोज रात्री कोड दोन ठिकाणी ठेवा, एक कॉपी घराबाहेर, निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे घरांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

टेस्टिंग गणपतीत. चाकरमानी आलेले असतात, घरात वीस माणसं, वीस प्रकारचे फोन. गेल्या वर्षी आतेभावाच्या सात वर्षांच्या मुलीच्या हातात गेम दिला, काहीच सांगितलं नाही, ती उडी मारेचना. बघतो तर उडीचं बटण तिच्याच अंगठ्याखाली झाकलेलं. तीन महिने आमच्या तिघांच्या लक्षात आलं नव्हतं. गुगल प्लेवर नवीन वैयक्तिक खातं असेल तर 12 टेस्टर सलग 14 दिवस लागतात, त्यांचे ईमेल आयडी आरतीच्या वेळीच घेऊन ठेवा, मुंबईला गेले की कोणी फोन उचलत नाही.

प्लेचे 25 डॉलर एकदाच, स्टीमचे, म्हणजे कॉम्प्युटरवरचे गेम विकणाऱ्या ऑनलाईन दुकानाचे, गेममागे 100. स्टीमवर पैसे भरल्यापासून 30 दिवस गेम काढता येत नाही आणि 'लवकरच' चं पान निदान दोन आठवडे आधी लागलेलं पाहिजे, तेव्हा दिवाळीनंतर गेम काढायचा असेल तर 100 डॉलर विसर्जन झाल्या झाल्या भरून टाका, आणि पान त्याच आठवड्यात लावा.