सेकंडहँड वस्तू सांगितल्याप्रमाणे निघाली नाही, तर ती परत करावी का?

गेल्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या विंगमधील एका कुटुंबाने मुंबईतील बिऱ्हाड पुण्याला हलवायचे ठरवले. जाण्याआधीच्या रविवारी त्यांनी पार्किंगच्या मोकळ्या जागेत सामान मांडले, प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी चिकटवली आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकला. त्यातले लिहिण्याचे एक टेबल मी ४,५०० रुपयांना घेतले. ते सासऱ्यांच्या वेळचे आणि अस्सल सागवानी असल्याचे घरातल्या काकूंनी सांगितले होते. पॉलिश उत्तम होते, मलाही ते सागवानीच असायला हवे होते, म्हणून मी अधिक काही पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी खणाची सैल झालेली मूठ घट्ट करण्यासाठी सुताराला बोलावले. त्याने स्क्रू फिरवताच आट्यांबरोबर भुसा बाहेर आला आणि चिमटीत धरल्यावर त्याची पूड झाली. "साहेब, हा भुशाचा बोर्ड आहे, वरून सागाचा पापुद्रा मारलाय," असे म्हणत त्याने खण काढून उलटा केला, तेव्हा खालच्या कडेला पापुद्रा आणि बोर्ड यांच्यामधली रेघ मलाही दिसली.

अशा वेळी बहुतेक लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण स्वस्तात घेतले, आता काय बोलायचे, असे म्हणून गप्प बसतात आणि पुढची दोन वर्षे लिफ्टमध्ये त्या शेजाऱ्याकडे पाहण्याचे टाळतात. काही जण त्याच क्षणी ग्रुपवर तक्रार लिहून मोकळे होतात. माझ्या मते दोन्ही चुकीचे आहे. वस्तू परत करावी की नाही, हे दोष किती मोठा आहे यावरून ठरवू नये. पैसे देण्याआधी विकणाऱ्याने काय सांगितले होते आणि हातात काय आले, या दोहोंमधील अंतरावरून ठरवावे.

दोष निघणे आणि खोटे सांगितले जाणे

जुना मिक्सर "चालतो, पण आवाज करतो" असे सांगून ३०० रुपयांना दिला असेल आणि महिन्याभरात तो बंद पडला, तर तो परत करण्याचा विचारही मनात आणू नये. जुन्या वस्तूची किंमत कमी असते ती याच जोखमीमुळे. याउलट "फ्रीज तीनच वर्षे वापरला आहे" असे सांगितले गेले आणि मागच्या पट्टीवर उत्पादनाचा महिना व वर्ष पाहता तो नऊ वर्षांचा निघाला, तर तो आज उत्तम गार करत असला तरी व्यवहार चुकीच्या माहितीवर झालेला आहे आणि तो परत करण्याचा विषय काढण्यात काहीही गैर नाही.

मधली परिस्थिती सर्वांत अवघड असते, ती म्हणजे विकणारा काहीच बोललेला नसतो. करारांसंबंधीचा १८७२चा कायदा सांगतो की, बोलण्याचे कर्तव्य नसताना नुसते गप्प राहणे ही फसवणूक ठरत नाही. त्यामुळे "तुम्ही सांगितले नाही" या तक्रारीपेक्षा "मी विचारले तेव्हा तुम्ही असे सांगितले" ही तक्रार कितीतरी भक्कम असते. म्हणून खरेदीच्या वेळी थेट प्रश्न विचारावेत: किती वर्षे वापरले, कधी दुरुस्त केले का, काही भाग बदलला का, विकण्याचे कारण काय. "चालू कंडिशन" या दोन शब्दांवर समाधान मानू नये, कारण त्यांचा अर्थ विकणाऱ्याच्या लेखी "प्लग लावल्यावर दिवा लागतो" एवढाच असू शकतो.

याच कायद्यानुसार मुद्दाम खोटे सांगणे आणि स्वतःला खरे वाटणारी पण चुकीची माहिती देणे हे वेगवेगळे प्रकार आहेत. दोन्हींमध्ये फसलेल्या व्यक्तीला व्यवहार रद्द करण्याचा मार्ग खुला असतो. मात्र दुसऱ्या प्रकाराला एक अट आहे. खरी गोष्ट साध्या दक्षतेने कळण्यासारखी असताना आपण ती तपासली नसेल, तर तो मार्ग बंद होतो. टेबलाचा खण उपसून पाहायला मला अर्धे मिनिट लागले असते. काकूंशी बोलण्याआधी ही गोष्ट मी स्वतःशी कबूल केली आणि त्यामुळे माझा आवाज आपोआप खाली आला.

विकणारा कोण, हे आधी पाहावे

घर रिकामे करणारा शेजारी आणि जुन्या वस्तूंचा धंदा करणारा दुकानदार यांना कायदा एका मापाने मोजत नाही. १९३०च्या माल विक्री कायद्यानुसार एखादी वस्तू वर्णन करून विकली असेल, तर ती त्या वर्णनाशी जुळली पाहिजे आणि ही अट शेजाऱ्यालाही लागू पडते. परंतु वस्तू विक्रीयोग्य दर्जाची असावी ही अपेक्षा कायदा त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडूनच करतो, आणि तेथेही ग्राहकाने वस्तू तपासलेली असेल तर त्या तपासणीत दिसायला हवे होते ते दोष त्याला नंतर पुढे करता येत नाहीत.

जोगेश्वरी पश्चिमेला, ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातील दुकानातून कपाट घेतले किंवा लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातून जुना लॅपटॉप घेतला, तर आपण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यातील ग्राहक असतो. अर्थात ती खरेदी पुन्हा विकण्यासाठी केलेली नसावी. जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणे, बिल न देणे आणि सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, किंवा तशी मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घेण्यास नकार देणे, हे सर्व त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांमध्ये मोडते. त्यामुळे "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही गल्ल्यावरची पाटी वाचून लगेच माघारी फिरू नये. आधी दुकानदाराशी बोलावे, नंतर लेखी कळवावे आणि तरीही दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचे झाल्यास कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीचे शुल्क नसते. धंदा न करणाऱ्या शेजाऱ्याविरुद्ध मात्र या आयोगाचा उपयोग सहसा होत नाही, आणि साडेचार हजारांच्या टेबलासाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढणे शहाणपणाचे नाही. तेथे संवाद हाच उपाय.

चोर बाजाराची गोष्ट निराळी. मटन स्ट्रीटवरच्या पक्क्या दुकानात काही दिवसांनी परत जाता येते, पण शुक्रवारी पहाटे रस्त्यावर भरणाऱ्या जुम्मा बाजारात चादर अंथरून बसलेला विक्रेता पुढच्या आठवड्यात त्याच जागी सापडेल याची खात्री नसते. तेथे घेतलेली वस्तू परत करता येणार नाही असे धरूनच भाव करावा. पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन "असली पुराना" म्हणून दाखवला जातो, तेव्हा हेही लक्षात असू द्यावे की जुन्या-नव्या भागांची जुळवाजुळव करून असे ग्रामोफोन आजही तयार होतात. तो शोभेसाठी हवा असेल तर खुशाल घ्यावा. वारसा म्हणून हवा असेल तर बिलावर तसे लिहून मागावे आणि दुकानदाराचा चेहरा पाहावा.

पहिले दोन दिवस

दोष लक्षात आल्यावर पहिली गोष्ट म्हणजे हात आवरता घेणे. वस्तू वापरत राहिलो, रंग दिला, उघडून दुरुस्त केली किंवा नकाराचा शब्द न काढता बराच काळ घरात ठेवली, तर आपण ती स्वीकारली असा अर्थ होतो आणि मग परत करण्याचा हक्क क्षीण होऊन फक्त नुकसानभरपाई किंवा किमतीत सूट मागता येते. कायदा यासाठी दिवसांची संख्या देत नाही, तो "वाजवी वेळ" म्हणतो. विजेच्या वस्तूसाठी दोन दिवस आणि फर्निचरसाठी आठवडा हा माझा स्वतःचा नियम आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे दोष वाहतुकीत तर निर्माण झाला नाही ना, हे प्रामाणिकपणे तपासणे. टेम्पोत आडवा टाकून आणलेला फ्रीज काही तास उभा न ठेवता लगेच सुरू केला, तर कॉम्प्रेसरमधील तेल जागेवर येण्याआधीच तो चालू होतो आणि बिघाडाचे खापर मात्र विकणाऱ्यावर फुटते. समोरून दार असलेल्या वॉशिंग मशीनचा ड्रम वाहतुकीच्या वेळी मागच्या खास बोल्टनी आवळावा लागतो. जुन्या मशीनबरोबर ते बोल्ट बहुधा हरवलेले असतात, आणि त्यांच्याविना पार्ल्याहून मुलुंडपर्यंत खड्ड्यांतून आलेले मशीन घरी पोहोचल्यावर स्पिनमध्ये थडथडू लागले, तर पूर्वीच्या मालकाला दोष देणे न्यायाचे होणार नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे पुरावा जमा करणे. दोषाचे फोटो, पट्टीवरील उत्पादनाची तारीख, आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट, कारण वस्तू विकली गेली की जाहिरात काढून टाकली जाते. यूपीआयने पैसे देताना टिपणीच्या चौकटीत "सागवानी टेबल" किंवा "फ्रीज, २०२२चा" असे दोन शब्द टाकण्याची सवय मी या प्रकरणानंतर लावून घेतली आहे. कागदाची पावती मागताना शेजाऱ्यांमध्ये संकोच वाटतो, या टिपणीचा वाटत नाही.

कसे बोलावे

निरोप त्या व्यक्तीलाच पाठवावा, ग्रुपवर नव्हे. मी लिहिलेला निरोप असा होता: "काकू, रविवारी घेतलेल्या टेबलाची मूठ बसवताना आज सुताराला आत भुशाचा बोर्ड दिसला. फोटो पाठवतो आहे. तुम्हालाही हे ठाऊक नसावे असे मला वाटते. टेबल मी अजून वापरायला काढलेले नाही. सवडीने येऊन पाहाल का?" यात आरोप नाही, पण वस्तू कोणत्या तारखेची, दोष कोणता, तो कसा कळला आणि वस्तू जशीच्या तशी आहे, या चारही गोष्टी लेखी आल्या आहेत. पुढे बोलणे फिसकटले तर हाच निरोप कामाला येतो.

काय मागायचे, हे मात्र निरोप पाठवण्याआधी मनाशी पक्के करावे. वस्तू नाकारण्याचा हक्क असेल, तर वेगळे काही ठरलेले नसताना ती उचलून विक्रेत्याच्या दारात नेऊन ठेवण्याची जबाबदारी कायद्याने ग्राहकावर नाही, नाकारल्याचे कळवणे पुरेसे असते. प्रत्यक्षात मात्र टेम्पो आणि दोन हमाल यांचे १,५०० रुपये कोण देणार, यावर २,००० रुपयांच्या कपाटाचा वाद अडतो. वाहतुकीचा खर्च वस्तूच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर पूर्ण परतीचा आग्रह सोडून किमतीत सूट मागावी. वस्तू कामाची असेल आणि फक्त वर्णन चुकलेले असेल, तेव्हा हा मार्ग दोघांनाही परवडतो. दोष विजेचा असेल, म्हणजे शॉक लागत असेल किंवा वायर तापत असेल, तर मात्र सूट घेऊन तडजोड करू नये. एक तर परत द्यावी, नाहीतर दुरुस्त होईपर्यंत प्लग लावू नये.

मोबाइलच्या बाबतीत वेगळाच धोका असतो. फोनवर *#०६# दाबून मिळणारा १५ अंकी आयएमईआय क्रमांक केवायएम या इंग्रजी अक्षरांपुढे जागा सोडून लिहावा आणि १४४२२ वर एसएमएस करावा, किंवा संचार साथी पोर्टलवर तपासावा. हे पैसे देण्याआधी करायचे काम आहे. फोन काळ्या यादीत असल्याचे नंतर कळले, तर तो गुपचूप विक्रेत्याला परत देऊ नये आणि दुसऱ्याला तर मुळीच विकू नये. चोरीची वस्तू आहे हे कळल्यावरही ती अप्रामाणिकपणे जवळ ठेवणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. व्यवहाराचे पुरावे घेऊन पोलीस ठाण्यात जावे, पैशांचा विचार त्यानंतर.

काकू त्याच संध्याकाळी आल्या. त्यांनी उलटा ठेवलेला खण हातात घेतला, कडेवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "अहो, तीस वर्षं आम्ही याला सागवानीच म्हणत आलो. सासरे तर त्यावर कपबशीसुद्धा ठेवू द्यायचे नाहीत." टेबल परत घेण्याची त्यांची तयारी होती, पण शनिवारचा टेम्पो आधीच भरला होता आणि पुण्याच्या घरात त्याला जागाही नव्हती. मी २,००० रुपये परत मागितले. त्यांनी तेथेच उभ्या उभ्या पाठवले आणि टिपणीच्या चौकटीत "टेबल, सागवानी नाही" असे लिहिले. भुशाच्या बोर्डात स्क्रू पुन्हा धरणार नव्हता, म्हणून सुताराने दुसऱ्या दिवशी आरपार भोक पाडून आतून नट-बोल्ट लावला आणि मूठ बसवली.