मागच्या एबीएसचा दिवा लागला? या चुका टाळा

वरूडहून संत्रा भरला की माझ्या जुन्या पिकअपचा एबीएसचा (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा पहिल्याच मोठ्या खड्ड्यात लागायचा. कळमन्यात माल उतरवून पुन्हा चावी फिरवली की गायब. एका मिस्त्रीने गाडीखाली न वाकताच सांगून टाकलं, "भाऊ, युनिटच गेलं, बदला." पहिली चूक हीच. युनिट, म्हणजे एबीएस चालवणारा मुख्य डबा, ही सगळ्यात महागडी वस्तू, तिचा नंबर शेवटी.

माझा दोष निघाला वायरीत. चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरीची क्लिप कधीतरी तुटली होती आणि कोणीतरी, बहुतेक मीच, ती सुतळीने बांधली होती. भरल्या गाडीत पाटे दबले की वायर त्यांच्यावर घासायची. वरून नुसती खरचटल्यासारखी दिसत होती. रबर मागे सारलं तर आत तांबं हिरवं पडलेलं. म्हणून वायर तपासायला मल्टिमीटर लावला की वायर हलवत, वाकवत बघा. उभ्या गाडीत मीटर बरोबरच दाखवतो. गाडी कुटाराच्या ढिगाशेजारी उभी राहत असेल तर उंदरांचे दातही शोधा.

दुसरी चूक म्हणजे फ्यूज काढून दिवा 'बंद करणे'. नुसता एबीएसचा दिवा लागला तर साधा ब्रेक चालू असतो, पण रिकाम्या पिकअपचा मागचा भार हलका, त्यामुळे जोरात दाबलं की मागची चाकं आधी जाम होऊन गाडी आडवी फिरते. एबीएस त्याच्यासाठीच आहे. ब्रेकचा लाल दिवाही सोबत असेल तर हँडब्रेक आणि ब्रेक ऑइल बघा. दोन्ही ठीक असूनही जात नसेल तर गाडी हलवू नका.

थांबता थांबता, अगदी हळू वेगात, पेडल पायाखाली थरथरतं का? बरेचदा सेन्सरसमोरची दातेरी रिंग तडकलेली असते, नाहीतर सेन्सरच्या चुंबकाला लोखंडाचा चुरा आणि आपली काळी माती चिकटून लिंपण झालेलं असतं. कापडाने पुसा, पान्याने खरवडू नका. चुंबक-गुंडाळीच्या जुन्या सेन्सरचा ओहम (विजेचा रोध) मीटरने मोजून कंपनीच्या आकड्याशी ताडून बघता येतो. हॉल प्रकारच्या, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेल्या सेन्सरला मात्र ओहम लावू नका, तो बिघडू शकतो.

टायरही बघा. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला घासलेला, वेगळ्या साइजचा असला तर चाकांचा वेग जुळत नाही आणि दिवा लागू शकतो.

ड्रम उघडला आणि लायनर (ड्रमला घासून ब्रेक लावणारा पट्टा) तेलकट दिसलं तर पेट्रोलने धुऊन परत बसवू नका. आधी तेल कुठून आलं ते शोधा: एक्सलचं सील की व्हील सिलेंडर? ते दुरुस्त करून दोन्ही चाकांचे लायनर जोडीने बदला. धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

ब्रेक ऑइल झाकणावर लिहिलेल्या प्रकाराचंच घाला, डॉट ३ किंवा डॉट ४. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, त्यात मिसळत नाही. ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढूनही पेडल नरम राहिलं तर हवा युनिटमध्ये अडकलेली असू शकते. काही गाड्यांत ती स्कॅनर लावूनच निघते.

आणि हो, पावसाळ्यात वावरात जॅक लावू नका. लावावाच लागला तर खाली जाड फळी आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड. माझा जॅक एकदा वीतभर खचला होता, नशीब मी तेव्हा चहा घेत होतो.